आई कशासाठी परतली

कोडियाक बेट, मे १९६४

फेवरोनियाताई,

भूकंपानंतर आई संत निकोलसची तसबीर आणायला घरी परतली आणि लाटेत गेली, असं बाबांनी तुला कळवलं. ते खरं नाही गं.

टेकडीवर माझं बाळ काकडत होतं. पहिली लाट ओसरली होती. मीच म्हणाले, "आई, घोंगडी राहिली."

"तुझं डोकं कुठं असतं गं!" आपल्या अलुतीक भाषेत पुटपुटत ती उतरली. दुसरी लाट घरांपेक्षा उंच होती.

तिसऱ्या दिवशी ती मलाच सापडली, सॅमन मासे सुकवायच्या मांडवाखाली, घोंगडी छातीशी धरून. कुणी यायच्या आत मी घोंगडी सोडवून समुद्रात टाकली. चर्चमध्ये सगळे तिला पुण्यवान म्हणतात. मी मान डोलावते.

उद्या बोट आम्हांला नव्या गावी नेणार. "ताईला पत्र टाकलंस ना?" बाबांनी आत्ताच विचारलं.

मी हो म्हणाले.

तुझी,
मात्रोना