पुढच्या दोऱ्या

३ जानेवारी
संग्रहालयाला माझं पहिलं काम पुन्हा हवंय. छताला टांगलेल्या एक्केचाळीस खुर्च्या. मूळ काम मीच मोडलं होतं — प्रदर्शन संपलं की मोडायचं, हा माझा नियम. आता नियम गिळायचा. उद्घाटन एकवीसला.

६ जानेवारी
वर्गातल्या बाराही जणांना जुंपलं. खुर्चीला चार दोऱ्या, चारी सारख्या. जुन्या वहीत तसंच लिहिलंय — माझ्याच अक्षरात.

९ जानेवारी
दहा टांगल्या. सरळ. अगदी ओळंब्यात!
जुन्या फोटोत मात्र सगळ्या किंचित पुढे झुकलेल्या, कान देऊन ऐकतायत अशा. त्या झुकण्यावर तर मी सव्वीस वर्षं शिकवतेय. "तोल मुद्दाम घालवावा लागतो" — हे वाक्य पोरं पाठीमागे माझ्या आवाजात म्हणतात. मला ठाऊक आहे.

११ जानेवारी
पुढच्या दोऱ्या वाढवल्या. झुकल्या. पण सगळ्या एकाच कोनात. कवायत!
क्युरेटर म्हणाली, "छान दिसतंय की."
तीच पंचाईत. सतरापर्यंत जमलं नाही तर काम मागे घेणार. तिला अजून सांगितलेलं नाही.

१२ जानेवारी
वहीच्या शेवटच्या पानावर दोन शब्द: पुढच्या — ताई.
खरंच की. मागच्या दोऱ्या मी कापल्या, पुढच्या तिने, तिच्या शिवणाच्या दुकानात. इतक्या मुलाखती दिल्या, हे एकदाही बोलले नाही. विसरले, असं लिहिणार होते. तसं नाही.
तिलाही माझ्या कामाचं कौतुक नाही. पहिल्या उद्घाटनाला आली, त्यानंतर एकदाही नाही. "गिऱ्हाईकं आहेत गं." दर वेळी तेच. मग मीही बोलावणं सोडलं.

१४ जानेवारी
दुकानात गेले. दोरीचं बंडल तिच्यापुढे ठेवलं. "चार-चार फुटांचे ब्याऐंशी तुकडे दे."
"आलीस ती कामच घेऊन," म्हणाली, आणि कात्री उचलली.
टेप लावायची, अंगठा थोडा पुढे सरकवायचा, मग कापायचं. अंगठा कधी बोटभर सरके, कधी दोन बोटं.
"हे जास्तीचं कशाला?"
"माया नको का सोडायला? शिवताना आत काय दुमडणार?"
"दोरीला काय शिवायचंय, ताई?"
कात्री थांबली. तिचं तोंड उतरलं.
"तेव्हाही सोडली होती," म्हणाली.
"मग आताही सोड. तशीच."
तिने ब्याऐंशी पुरे केले. चहाही विचारला नाही.

१७ जानेवारी
टांगल्या. कुणी जास्त झुकलेली, कुणी नुसतीच मान पुढे केलेली. तेच काम!
पाटीवर दोन नावं घाला, म्हटलं. "आता? छापून आलीय!" — क्युरेटर. पुन्हा छापा.
वर्गात सगळं सांगितलं. झुकणं माझं नव्हतं, ताईच्या हाताच्या सवयीचं होतं. ते वाक्य मागे घेते. मागच्या बाकावरून आवाज आला — "मग मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?"
ताईला फोन केला. "बघते," म्हणाली.

२१ जानेवारी
ताई आली. पाटीकडे लक्षच नाही. दारात उभी राहून वर बघत होती.
"पुन्हा वाकड्याच गं," म्हणाली. "तेव्हा चारचौघांत मी तुझं पहिलंच काम बिघडवलं. मग कुठल्या तोंडाने येणार होते?"