माझी संमती नाही

अटलांटा
९ फेब्रुवारी १९९७

ती. पपांस व्हर्लीनचा सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. मॅकनच्या रस्त्यावर पोलिसाने पुन्हा तुमची गाडी थांबवली आणि लपवण्यासारखं आहे काय, म्हणून तुम्हीच डिकी उघडून दिलीत म्हणे. पपा, कायद्याचं दुसरं वर्ष संपत आलं माझं, एवढं तरी ऐका. परवाना आणि गाडीचे कागद मागितले तर द्या, हात स्टिअरिंगवर दिसू द्या. पण गाडी जरा बघू का, असं विचारलं तर तो हुकूम नसतो. तुमचा होकार लागतो, म्हणून तर विचारतात. शांतपणे म्हणायचं, साहेब, माझी संमती नाही. तरीही उघडली तर आडवे जाऊ नका.

पियानोचे सूर जुळवायला गावोगावची चर्चं हिंडता, जिवाला जपा. माया आहेच, ती राहू द्या.

तुमची
व्हर्लीन

---

विल्बी क्रॉसिंग
२३ मार्च १९९७

चि. व्हर्लीनला पपांचे अनेक आशीर्वाद.

क्लिओटिस गेला. ज्याने मला पियानो जुळवायला शिकवलं, तोच. त्याला माती देताना मी वाजवायचं, हे त्याने कधीच वदवून घेतलं होतं. दफन दोनला होतं, मी साडेअकरालाच निघालो.

वाटेत एका तरुण पोलिसाने थांबवलं. चाक रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं म्हणाला. मग गाडी बघू का म्हणाला. तुझं वाक्य मी शब्दाला शब्द बोललो, वर साहेबही लावलं. तो हसला. संमती नसेल तर ड्रग्ज हुंगणारा कुत्रा मागवतो, म्हणाला. दफनाला जायचंय सांगितलं, तर म्हणाला, मग हो म्हणायचं होतं, काका.

कुत्रा यायला पावणेदोन तास लागले. तो गाडीच्या दाराशी बसला. बसला म्हणजे वास लागला, असं त्यांचं शास्त्र. मला तर तो नुसता दमलेला वाटला. मागची सीट उपसली, माझी हत्यारं, फेल्टच्या पट्ट्या, तारा, सगळं गवतावर ओतलं. काही सापडलं नाही. जा आता, म्हणाले.

पोचलो तेव्हा माती लोटून झाली होती. पियानोशिवायच गायले सगळे. त्याच्या बायकोने चिकनचं ताट पुढे केलं आणि उशीर का झाला ते विचारलंही नाही. ते जास्त लागलं.

अभ्यास सोडू नकोस.

पपा

---

अटलांटा
१८ एप्रिल १९९७

ती. पपांस सा. न.

पत्र वाचून दोन दिवस वर्गात गेले नाही. मग आमच्या सरांना दाखवलं. एवढा वेळ अडकवून ठेवणं बहुधा बेकायदाच होतं, म्हणाले. मला हायसं वाटलं. पुढे म्हणाले, गाडीत काही सापडलं असतं, तर न्यायाधीशांनी तो पुरावा बेकायदा म्हणून फेकून दिला असता. सापडलंच नाही, तर फेकणार काय?

तीन वकिलांना भेटले. तिघांनीही नुकसान काय झालं, तेच विचारलं. दफन चुकलं म्हटलं, तर एकाने घड्याळ बघितलं. पोलीस खात्याकडे केलेल्या तक्रारीला दोन ओळींचं उत्तर आलं, कारवाई नियमानुसार झाली.

पपा, मी तुम्हाला निम्माच कायदा शिकवला. उरलेला मलाही ठाऊक नव्हता. रागावला असाल तर रागवा, पण पत्र टाकत राहा.

व्हर्लीन

---

विल्बी क्रॉसिंग
२ जून १९९७

चि. व्हर्लीनला आशीर्वाद.

तुझ्यावर रागावलेलो नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी बांधूनही स्वयंपाकघरात हुकूम चालूच आहेत.

ऑपरेशनच्या दिवशी ऑगस्टा शहरातल्या दवाखान्यात साडेनऊला पोचायचं होतं. वाटेत तोच पोलीस. मला ओळखलंन, आपुलकीने विचारपूस केल्यासारखं, त्या दिवशीचं दफन कसं झालं, विचारलंन. मग गाडी बघू का म्हणाला. तुझं वाक्य जिभेवर होतं. शेजारी तुझी आई घड्याळ बघत होती.

मी हो म्हणालो.

नऊ मिनिटं लागली. तुझ्या आईची पर्स बॉनेटवर उपडी केली, औषधाच्या गोळ्या मोजल्या. जा म्हणाला तेव्हा माझ्या तोंडून थँक यू निघालं. आईने पर्स पुन्हा भरली. हे पोरीला कळवू नका, खचेल ती, एवढंच नंतर म्हणाली.

पण तू वकील होणार आहेस, तुला ठाऊक असावं. निघण्याआधी त्याने एक कागद पुढे केला. अमुक अमुक यांनी राजीखुशीने गाडी तपासू दिली, असं त्यावर छापलेलं होतं, नावाची जागा फक्त कोरी होती. होसिया टिलरी, हे माझं नाव मी भरलं. खाली सही केली.

तुझा
पपा