शहाण्णव मिनिटांचं कृष्णविवर

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, तरी अक्षर नीट काढायचं.

परिस्थिती अशी. फार लांबच्या एका दीर्घिकेच्या मधोमध माझं महाकाय कृष्णविवर आहे. कधी महिनोन्महिने ढिम्म बसतं, कधी अचानक लागोपाठ क्ष-किरणांचे भडके उडवतं. हवा क्ष-किरण अडवते, म्हणून एक छोटा उपग्रह वरून पाळत ठेवतो. भडका दिसला की माझ्या फोनवर अलर्ट. मग मी सांगायचं आणि मोठी अंतराळ दुर्बीण तिकडे वळायची. हा हक्क वर्षातून एकदाच. माझा ३१ मार्चला संपतो, नोकरीचा करारही त्याच दिवशी. भडका पकडलात तर मुदतवाढ, नाहीतर शुभेच्छा, असं सर म्हणाले.

अकरा महिने गेले. घाई नाही.

४ ते ८ मार्च
लिहायचं राहिलं.

९ मार्च, दुपारी १
अलर्ट. भडका किरकोळ. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, घ्या की, हातचा कशाला सोडता. त्यांचाही हक्क शिल्लक आहे, पण बाईंना महत्त्वाकांक्षा कमी. मी मोठ्याची वाट पाहतोय.

संध्याकाळी ५
भडका चौपट होऊन विझला. मी कँटीनमध्ये होतो.

१६ मार्च
बायकोने विचारलं, तुझा फोन सारखा कोकलतो तो बंद होतो का. झाला. दुपारी कळलं, सकाळी झकास भडका येऊन गेला. दोष सरळसरळ तिचा. तिला तसं सांगणार आहे. मूड बघून.

२१ मार्च, सकाळी ११.४०
शोध लागला! उपग्रहाचा कच्चा डेटा बघत होतो. दर शहाण्णव मिनिटांनी एक भडका, अगदी नेमाने. इतक्या वर्षांत कोणाला दिसलं नाही, कारण सगळे आधी डेटा साफ करत बसतात. मी तो वेळ वाचवला. हक्क वापरून टाकला.

बाईंनी विचारलं, उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला किती वेळ लागतो हो. असल्या फुटकळ चौकशा नंतर, म्हटलं. सासूबाईंना फोन केला. भाषणासाठी कोट शिवायला टाकला.

२४ मार्च
मोठ्या दुर्बिणीचा डेटा आला. सरळ रेघ, एकही भडका नाही. कृष्णविवर बुजलं असावं.

२५ मार्च
सरांनीही बाईंचाच फेरीचा प्रश्न विचारला. शेवटी बघितलं. शहाण्णव मिनिटं. दर फेरीत उपग्रह विद्युतभारित कणांच्या पट्ट्यातून जातो आणि त्याचा डिटेक्टर उगाच बोंबलतो. म्हणजे मी उपग्रहाची फेरी शोधून काढली. स्वतंत्रपणे. सरांना तसं सांगितलं. सरांनी ३१ तारखेची आठवण करून दिली.

शिंप्याला फोन. कापड कापून झालंय म्हणाला.

२९ मार्च, सकाळी ९.०५
भडका. दहा वर्षांतला सगळ्यात मोठा. फोन चालू, मी जागा, खुर्चीत. फक्त हक्क नाही. दुर्बिणीच्या ऑफिसला तीन मेल केले. तिन्हींना उत्तर म्हणून नियम क्रमांक चार आला: हक्क वर्षातून एकदाच.

बाईंनी चष्मा पुसला, दोन ओळी टाइप केल्या आणि चहाला गेल्या. दुर्बीण वळली. मला फार वाईट वाटलं. बाथरूममध्ये जाऊन थोडं रडलो.

३१ मार्च
बाईंनी सरांकडे शब्द टाकला. सहा महिने मुदतवाढ, बाईंच्या हाताखाली. काम: दर शहाण्णव मिनिटांनी येणारा कचरा डेटातून काढणे. ह्या कचऱ्याची तुमच्याइतकी ओळख कोणाला नाही, असं त्या म्हणाल्या. कौतुकच म्हणायचं.

घरी बायकोला सगळं समजावलं. तिने विचारलं, हे विवर आहे तरी किती लांब. म्हटलं, तीस कोटी प्रकाशवर्षं. म्हणजे भडका तीस कोटी वर्षांपूर्वीच उडाला, उजेड परवा पोचला.

ती म्हणाली, एवढ्या लांबून निघून तो वेळेवर आला, आणि तू वर्षभर तिथेच बसून उशीर केलास.

याला माझ्याकडे चोख उत्तर आहे. सुचलं की लिहीन. घाई नाही.