हेमांगीचे प्रथिन आणि माझी निरवानिरव

मी, जयवंत नथू भोईर, वय एकाहत्तर, राहणार जूचंद्र, तालुका वसई, माझ्या मिळकतीची ही व्यवस्था स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा मितेश याचा नुसत्या माझ्या सांगण्यावर विश्वास बसणार नाही.

१. जूचंद्रचे राहते घर मितेशला. ते पाडून इमारत बांधू नये, असे लिहिणार होतो. पण अडवायला मी असणार नाही. निदान विहीर बुजवू नये.

२. बँकेतील ठेवी मितेश व कन्या हेमांगी यांना निम्म्या-निम्म्या.

३. सातिवलीचा गाळा मितेशला. तेथे मी चौतीस वर्षे बाटल्यांच्या झाकणांचे साचे बनवले. धातू कोरायचे मिलिंग मशीन मात्र हेमांगीला. मितेश ते भंगारात विकेल. हेमांगीही विकेल, पण आधी दोन दिवस विचार करील.

४. अ‍ॅल्युमिनियमचे तीन कोरीव तुकडे हेमांगीला. त्यांची हकीकत येथे नोंदवणे भाग आहे.

हेमांगी प्रयोगशाळेत प्रथिने घडवते. करोनाच्या विषाणूच्या अंगावर काटे असतात. त्या काट्याने तो आपल्या पेशीला धरतो आणि आत शिरतो. हेमांगी असे इवलेसे प्रथिन आखते, की ते आधीच काट्याच्या टोकावर घट्ट बसावे आणि विषाणूला पेशी धरताच येऊ नये. हे मला आज समजते. पूर्वी मी याला कंप्युटरवरची भातुकली म्हणत असे.

एप्रिल २०२१ मध्ये माझी पत्नी मीरा करोनाने गेली. तेव्हा हेमांगीचे प्रथिन प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशी वाचवत होते, माणसे नव्हे. दहाव्याला मी सर्वांसमक्ष तिला म्हणालो, "तुजं औषद कंप्युटरमदीच रायलं, न् तुजी आई गेली." पुढे चौदा महिने आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही.

मग एके दिवशी ती गाळ्यावर आली व पेनड्राइव्ह पुढे केला. "बाबा, हे मोठं करून कोरून देशील? विद्यार्थ्यांना दाखवायचंय."

काट्याचे टोक आणि तिचे प्रथिन मी कोरले. असे बसले की मधून केस जाणार नाही. मग तिने टोकाचे दुसरे चित्र दिले. तेही कोरले, पण प्रथिन त्यावर बसेना.

"तुजं ड्रॉइंग चुकलंय," मी म्हणालो.

"ड्रॉइंग बरोबर आहे. विषाणू बदललाय. आईच्या वेळचा वेगळा होता."

"मंग आता?"

"आता परत पहिल्यापासून. ही तिसरी वेळ."

माझ्या गिऱ्हाइकांनी साचा झाल्यावर बाटलीचा आकार कधी बदलला नाही. बदलला असता तर मी दुकान बंद केले असते. ही मुलगी तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात करीत होती. मी तिच्यासाठी चहा मागवला.

तिचे आताचे प्रथिन काट्याला एकाच वेळी तीन ठिकाणी धरते. एक जागा बदलली तरी सहसा सुटत नाही. नाकात फवारल्यावर प्रयोगातले हॅमस्टर जातीचे उंदीर बचावले. माणसांवर सध्या ते सुरक्षित आहे का, एवढेच तपासत आहेत. त्यासाठी मी माझे नाव दिले होते.

"वयाची मर्यादा पंचावन्न आहे, बाबा."

या मर्यादेबद्दल माझी नाराजी येथे नोंदवतो.

५. दहाव्याचे ते वाक्य मी विनाअट मागे घेतो. मीराला वाचवणे हेमांगीच्या हातात नव्हते, हे मला बोलतानाही माहीत होते. माझ्या पश्चात हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

६. या सर्वाची अंमलबजावणी पापडीचे माझे मित्र आल्बर्ट लोपीस करतील. ते माझे कधीच ऐकत नाहीत, पण लिहिलेले पाळतात.

ठिकाण: वसई
दिनांक: ९ जानेवारी २०२६

(सही) जयवंत नथू भोईर

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. उन्नती राऊत, नायगाव
२. आल्बर्ट लोपीस, पापडी

साक्षीदार क्र. २ यांची नोंद: कलम पाच वाचून मी सही करायला नकार दिला. म्हटले, हे जिवंतपणी सांग. जयवंत अर्धा तास रुसून बसला. मग आमच्यासमोर त्याने हेमांगीला फोन लावला आणि ते कलम स्वतः वाचले. मग ती म्हणाली, "रविवारी येते. कालवणाला खाडीच्या निवट्या मिळाल्या तर घेऊन ठेव." त्यानंतर मी सही केली.