आखणी लागेपर्यंत

४ मे
रेखा सासरहून आली, रोह्याजवळच्या वरशाहून. जावयाच्या कंपनीची डायरी दिली, धाटावची, वर पिंपांचं चित्र. म्हणे, आई, ऑर्डरी लिहायला ठेव. ऑर्डरी भावजी लिहितात. मी काय लिहिणार, चौथीत शाळा सुटली. तरी कोरी पानं बघून हात शिवशिवला.
आज एवढंच. हौसा दुपारी गणपतीच्या कारखान्यात झोपली होती, मोठ्या मूर्तींच्या मागं. उठवली नाय.

५ मे
हौसाचं लिहून ठेवते. शिमग्यानंतर आली. मूर्ती घासायला बाई हवी होती, ही दारात उभी. हात बघितले, जाड, भेगाळलेले. ठेवली. घासते पण अशी की नाकाची कड जात नाय कधी.
एष्टी स्टँडवर झोपायची. त्याआधी रोह्याला स्टेशनात. त्याच्याही आधी खाडीकडं, मिठागरात. नवरा गेला, मिठागर बंद पडलं, बांधावरचं खोपट बांधासकट भरतीत गेलं. विचारलं, गाव कुठलं? म्हणाली, "बांधावरचं." बांधाला काय गाव असतं? जास्त विचारलं की पॉलिश पेपर जोरात घासते.

९ मे
भावजी म्हणाले, "वहिनी, ती रातची पण इथंच असते काय?"
"असते. तुमचं काय खाल्लं तिनं?"
"खाल्लं नाय ओ. राहू दे आखणी लागेपर्यंत. नंतर नाय हां."
ते मला शिकवायला नको. सासूबाईंनी घालून दिलेलं आहे. मूर्ती पांढरी आहे तोवर माती. तिच्यावर फडका वाळत घाला, ओलांडून जा, कोण काय म्हणत नाय. डोळे आखले की गणपती बसला. मग कारखान्यात जेवायचं नाय, शिवी नाय, त्याच्याकडं पाय करून झोपायचं नाय. आणि पाय करणार कुठं, चारी भिंतींना तोच. म्हणून कुणीच झोपायचं नाय.
आखणी मी करते. सासूबाई गेल्या तेव्हापासून मीच. दुसऱ्याच्या हाताला तो बघतच नाय, नुसता डोळे वटारतो.

१३ मे
दुपारी लाइट गेली. पंखे बंद. सगळ्या बाया घरी पळाल्या. मी आणि हौसा. पत्र्याच्या भोकातून उन्हाच्या काड्या आत आलेल्या, त्यात पांढरी पूड हळूहळू तरंगत होती. खाली बसतच नव्हती. रांगाच्या रांगा पांढऱ्या, कोणाला डोळे नाहीत. मला वाटलं आम्हीपण त्यातल्याच दोन, अजून रंग न लागलेल्या.
हौसा पडल्या पडल्या म्हणाली, "मिठाच्या राशी वाटतात गो बाय. वैशाखात अशाच असायच्या. रातच्यापण दिसायच्या."
"मग झोप यायची का त्यात?"
"यायची म्हंजे! हितंपण येते. हितं दोनी डोळे मिटतात. स्टँडावर एकच."
मी म्हटलं घास आता. पण मीपण उठले नाय बराच वेळ.

१८ मे
नगरपालिकेच्या एक मॅडम आल्या, बरोबर शिपाई. गावात बाहेर कोण कोण झोपतं ते मोजतायत. बेघरांसाठी निवारा व्हायचाय. मॅडम तरुण आहे, घाम पुसत होती, पाणी दिलं. हौसाकडं बघून विचारलं, "या कुठे राहतात?"
हौसा खाली बघून घासायला लागली. मला राग आला. तोंडाला पांढरी पूड, केसांना पूड, आम्ही सगळ्याच तशा. त्यात हिलाच बरी ओळखली.
म्हटलं, "इथंच राहते. माझी माणूस हाय."
"इथे म्हणजे कारखान्यात?"
"घरच समजा तिचं."
लिहून घेतलं, गेल्या. हौसा दिवसभर गालात हसत होती. संध्याकाळी नळावर दुसऱ्या बाईला सांगताना ऐकलं, "मी हितंच ऱ्हाते. घरच हाय."
बरं वाटलं. खोटं का लिहू.

२० मे
स्वप्न पडलं. आमचं पेण सगळं पांढरं. घरांना भिंती नाहीत, नुसत्या चौकटी. लोक आपापल्या चौकटीत उभे, मी विचारते माझी कुठली, तर कोणी बोलत नाय, कारण कोणाला तोंडच काढलेलं नाय. मग हौसा फावड्यानं मीठ ओढत आली. म्हणाली, ही घे, तुजी. काय दिलं ते दिसायच्या आत जाग आली.

२६ मे
माती खाल्ली मी.
मॅडम भाजीबाजारात भेटल्या. मी म्हटलं, निवारा झाला की आमच्या हौसाला खाट द्या चांगली, खिडकीकडची. त्या थांबल्या. "काकी, त्यांचं नाव यादीत नाही. घर आहे असं तुम्हीच सांगितलंत."
"मग आता सांगते नाय म्हणून. खोडा."
"असं सांगून होत नाही. बाहेर झोपलेलं दिसायला लागतं. आषाढात परत मोजणी आहे, पहाटेची."
"कधी?"
"तारीख सांगायची नसते."
तोंड चालवायचं आणि दुसऱ्याचं घर घालवायचं. हौसाला अजून सांगितलं नाय.

२८ मे
सांगितलं. मला वाटलं रडेल. म्हणाली, "असूंदे. घर हाय म्हणून कोणी लिवलं तरी एकदा."
मलाच रडू आलं. तिला ओरडले, पेपर संपला तर मागून घ्यायला काय होतं म्हणून.

१ जून
घरी विषय काढला. आखणी लागली की हौसाला ओटीवर झोपू दे. जाऊ म्हणाली, "आज ती, उद्या आणखी कोण. ताई, घर काय आपल्या एकटीचं हाय?" भावजी जेवत राहिले. जाऊ वाईट नाय. पण घर कोणाचं ते मला समजलं. घरपट्टीवर भावजींचं नाव. कारखान्यावर भावजींचं. हे असते तर यांचं असतं. माझं नाव कशावर आहे ते जेवताना आठवत बसले. रेशनकार्डावर आहे. चौथं.

७ जून
भावजी: "वहिनी, आता हात घाला. मुंबईच्या गाड्या लागतील."
मी: "मला नीट दिसत नाय. डोळ्यांपुढं जाळी येते."
साफ खोटं. आयुष्यात कामात खोटं बोलले नव्हते. पण यादीत नाव लागेपर्यंत हे पांढरे असेच राहायला पाहिजेत. एवढंच माझ्या हातात आहे.
हौसाला कळलं बहुतेक. चहा आणून ठेवला.

११ जून
खोट्याचे पाय लांब. भावजींनी रेखाला फोन केला, रेखानं रोह्याला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. गेले झक मारत. डॉक्टरनं दिवे मारले, अक्षरं वाचायला लावली. म्हणाला, "मावशी, पंचवीस वर्षांच्या पोरीची नजर आहे तुमची." रेखा माझ्याकडं बघत राहिली.
रिक्षात बसल्यावर: "आई, काय चाललंय तुझं?"
सांगितलं सगळं. म्हणाली, "कोण कुठली बाई, तुला काय पडलंय?" मग वरशाच्या वळणावर हळूच म्हणाली, "तू माझ्याकडे ये ना राहायला. कायमची." पाठोपाठ लगेच, "म्हणजे, ह्यांना विचारून." सरळ पोरगी आहे. पण ते 'विचारून' मध्ये आलंच.

१२ जून
रात्र रेखाकडं काढली. परतीच्या गाडीला वेळ होता. रोहा स्टेशनात बसले. हौसा कुठं झोपायची ते शोधत होते. चहावाल्याला विचारलं. "मिठवाली? त्या खांबाखाली. सकाळी उठून जागा झाडायची, पाणी मारायची. आम्ही म्हणायचो, घर सारवतेस काय गो? म्हणायची, व्हय."
खांबाखाली जाऊन बसले. समोर रूळ, पलीकडं हिरवं, वारा बरा होता. डुलकी लागली. गाडी आली तेव्हा वाटलं कुणीतरी घरातून उठवलं.

१८ जून
मॅडम कारखान्यात आल्या. निवाऱ्याला दोन जागा बघितल्यात. एक गावाबाहेर, हायवेच्या पलीकडं, मोठी, हवेशीर. दुसरी बाजारामागचं जुनं गोदाम, लहान. मला विचारतात, तुम्हाला काय वाटतं काकी? आजवर मला कोणी काय विचारलं नव्हतं.
म्हटलं, बाजारामागची. गावाबाहेर नेऊन ठेवलंत तर चार दिवसांत परत स्टँडावर येतील. काम इथं, नळ इथं, ओळखीचा चहावाला इथं. माणूस छपराखाली राहत नाय नुसता, ओळखीत राहतो. आणि आधारकार्ड मागू नका पहिल्या दिवशी. झोपू दे आधी. मग करा कागद.
मॅडमनी हौसाला विचारलं, तुम्हाला काय हवं? ती लाजली. मी म्हटलं बोल की, तोंड शिवलंय काय.
"आतनं लावायची कडी," म्हणाली.
मॅडम लिहायच्या थांबल्या. मी कारखान्याच्या दाराकडं बघितलं. आमच्या दाराला कडी बाहेरूनच. इतक्या महिन्यांत माझ्या लक्षात नाय आलं.

२० जून
सुताराला बोलावून आतून कडी मारून घेतली. भावजी म्हणाले, कशाला? म्हटलं, वाऱ्यानं दार आपटतं.

२९ जून
भावजींचा धीर सुटला. डॉक्टरचं त्यांना कळलं. "वहिनी, मला खुळा समजता? गिऱ्हाईक दारात उभं राहील, मी काय आंधळे गणपती देऊ?"
त्यांचं बरोबर आहे. कारखान्यावर बारा घरं जेवतात. उद्यापासून बसते म्हटलं. पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात. हौसाच्या बाजूची रांग शेवटी. तोवर तो भाग मातीच. भावजींनी माझा पाट उचलून पलीकडच्या भिंतीशी ठेवला, म्हणजे समजले.

३० जून
बसले. पहिला डोळा आखताना श्वास धरायचा असतो. किती दिवसांनी धरला. ब्रश टेकला आणि सगळं गाव लांब गेलं. एकेक करून गणपती बघायला लागले. दुपारपर्यंत अर्धी भिंत जागी.
हौसानं आपली गोधडी आणखी कोपऱ्यात ओढली.

८ जुलै
मॅडम आल्या. बसल्या. "सहज आले, चहा प्यायला." कामाचं काही नाही. चहा संपवला, कप खाली ठेवताना म्हणाल्या, "काकी, उद्या लवकर उठाल बहुतेक." निघून गेल्या.
मी काय मठ्ठ नाय.

९ जुलै
काल रात्री हौसाला मोजणीसाठी स्टँडवर सोडून येणार होते. पण ती बाकड्यावर गोधडी टाकून अशी बसली, मुलगी सासरी बसते तशी, की माझा पाय निघाला नाय. तिच्याशेजारी बसले. पाऊस थांबला होता. डबक्यात दिव्यांची पिवळी रांग. डोळा लागला तेव्हा बाकडं हलतंय असं वाटलं, होडीसारखं, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या राशी.
पहाटे मॅडम बॅटरी घेऊन. हौसाचं नाव, वय अंदाजे, गाव. गाव? हौसा म्हणाली, "बांधावरचं." मॅडमनी तसंच लिहिलं.
मग उजेड माझ्यावर. "काकी, तुम्ही?"
"सोबत."
"नियम आहे, बाकड्यावरच्या सगळ्यांना विचारावं लागतं. घर आहे?"
"आहे."
"कोणाच्या नावावर?"
एवढी तोंडाळ मी. गोधडीची कड सारखी करत बसले. पहिली रोह्याची एष्टी लागली, तिचा आवाज होता, त्यात वेळ निघून गेला. मॅडमनी तो चौकोन रिकामा ठेवला आणि पुढच्या बाकड्याकडं गेल्या.
परत येताना हौसा पुढं, मी मागं. म्हणाली, "पाय दुकले काय गो?" म्हटलं, नाय.

१५ जुलै
फक्त हौसाकडची रांग राहिली. यादी लागलेली नाय. जागा कुठली ते पण ठरायचंय. मॅडम म्हणतात सोमवारपर्यंत कळेल. त्यांनी कोणता सोमवार ते सांगितलं नाय.
भावजी म्हणाले, "वहिनी, सकाळी गाडी येतेय. ती रांग पण जायचीय."
संध्याकाळी बसून संपवली. हौसा समोर बसून बघत होती. शेवटच्याचे डोळे झाले तेव्हा तिनं पदर सारखा केला. म्हटलं, "हौसा, आता..."
"समजलं गो बाय," म्हणाली.
मी घरी आले. स्टँडवर जा असं म्हटलं नाय. राहा असंही नाय. जेवले नाय.

१६ जुलै
उजाडताच गेले. दार ढकललं, आतून कडी. हाक मारली नाय. खिडकीच्या फटीतून बघितलं.
उजेड पांढरा, पुडीसारखा. चारी भिंतींना ते बसलेले, सगळे डोळे उघडे, मीच आखलेले. मध्ये जमिनीवर हौसा. गुडघे पार छातीशी, दोन्ही पावलं लुगड्यात गुंडाळून पोटाशी घेतलेली. पाय कुणाकडंच नव्हते. दोन्ही डोळे मिटलेले.
बाहेरच पायरीवर बसले. भावजी आले, दाराकडं हात नेला. म्हटलं, थांबा जरा. गाडी अजून हायवेला असेल.
ते पण बसले.