दगडूमामांच्या बोटाची चिंधी

मंगळवार, संध्याकाळ. तालुका कर्जत.

किळस आलीय. सरपंचांची, आणि त्याहून जास्त स्वतःची.

स्लोव्हाकियातल्या एका आजच्या चित्रकाराचं पुस्तक महिनाभर उशाशी घेऊन झोपलो. त्यात त्यांच्या खेड्यातले वाजंत्री आहेत. व्हायोलिनवाल्याचं नख काळंनिळं, कोटाला ठिगळ. चित्रकारानं काही म्हणजे काही झाकलेलं नाही. म्हटलं, शाळेच्या भिंतीवर असाच आपला हलगीवाला काढू. दगडूमामांना समोर बसवलं. हलगीची कड घासते म्हणून ते बोटाला चिंधी बांधतात, तीही जशीच्या तशी काढली.

आज सकाळी सरपंच आले. "गुरुजी, ही चिंधी कशाला काढलीय? पावणे येनार हायेत. आन् जरा गोरा करा की त्याला."

आणि मी केला! निमूटपणे. इतकी वर्षं पोरांना चित्रकला शिकवणारा मी, चिंधीवर गुलाबी रंग फासून मोकळा झालो. का नाही बोललो? बदलीची भीती? छे, नुसती मान डोलवायची सवय.

दुपारी एका लग्नात वाजवून दगडूमामा तसेच हौसेनं बघायला आले. त्यांनी जवळ जाऊन भिंतीवरचा तो हात निरखला.

"झ्याक हाय. पर ह्यो कोन, गुरुजी?"

"तुम्हीच की, मामा. फक्त ती चिंधी... सरपंच म्हणाले, बरी दिसत नाही."

"व्हय, व्हय," म्हणत त्यांनी बोटाची चिंधी सोडली आणि गुपचूप खिशात घातली.