माजघरातून जाणारा रस्ता

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तब्येत कशी आहे ते एका ओळीत कळव. मागच्या वेळी नुसत्या पोटदुखीवर तू दोन पानं खर्ची घातलीस. मी ठणठणीत आहे.

वरच्या आणि खालच्या वस्तीच्या बरोबर मधे, पायवाटेवरच घर बांधून वडिलांनी केवढा उपद्व्याप करून ठेवलाय, ते तुला शहरात बसून कळायचं नाही. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. त्यामुळे अख्खा डोंगर आपल्या मागच्या दारानं आत शिरतो आणि माजघरातून पुढच्या दारानं बाहेर पडतो. (वडील म्हणायचे, "जाऊ द्या, घर काय झिजतंय?" झिजलंय. फरशीला मधोमध खळगा पडलाय.) मी दात घासत असताना दूधवाली शेजारून जाता जाता विचारते, "आज उशीर झाला वाटतं, बाई?" शिंपी माझ्या आमटीत मीठ कमी असल्याचं सांगतो, तेही चाखून. मागच्या महिन्यात सुताराचं कपाट मागच्या दारात अडकलं आणि दोन्ही वस्त्या दोन्हीकडे तुंबल्या. दीड तासात दोघांचं जुनं भांडण मिटलं, तिघांचं नवं लागलं. माझं मत कोणी विचारलं नाही.

कड्याला सुरुंग लावून वेगळी वाट काढा, म्हणून मी चार वर्षं कचेरीत भांडले. साहेबांना त्यांचेच नियम वाचून दाखवले. अखेर मंजुरी आली. घरात तुझाही वाटा, म्हणून आता फक्त तुझी सही बाकी आहे. कागद सोमवारी तुझ्याकडे पोचेल.

मोजणीसाठी आठ दिवस आपली वाट बंद आहे. लोक ओढ्याकडून पाऊण तासाचा वळसा घेतात. मी दारं लावून तीन पुस्तकं वाचली. काल नर्सबाई ओढ्यापाशी दिसल्या, म्हणून खिडकीतून हाक मारली, या म्हटलं. म्हणाल्या, "नको बाई, तुम्हाला उगाच आमचा त्रास." खोचकपणा बघ.

भावजयीला आशीर्वाद. ती तुला सहन करते, म्हणून.

तुझी ताई

ता. क. काल दिवसभरात मी एकूण चार वाक्यं बोलले. तीन मांजराशी.

ता. क. २. सही करू नकोस. कोणी कारण विचारलं तर हट्टाला पेटलोय म्हणून सांग. इथे मी तसंच सांगून ठेवलं आहे. पुढच्या आठवड्यात तुला माझं एक जळजळीत पत्र येईल. ते साहेबांना दाखवून मगच टपालात टाकणार आहे, तेव्हा मनावर घेऊ नकोस. उत्तर मात्र उद्धट दे. तुला ते जमेल.